साचा मोठा, मडकं लहान

मोचे, १४ मे १९९३

फिदेन्सियो,

नावाआधी काही लावलेलं नाही, कारण काय लावावं ते ठरेना. पाच वर्षांतलं हे पहिलं पत्र. सीमेपलीकडचा, आरिकाचा तुझा पत्ता शेजारच्या रोसाउराने दिला; तिच्याच नातेवाइकांकडे तू कामाला आहेस म्हणे. तिच्यावर रागावू नकोस, ती देत नव्हती. मी तिच्या दारात बसून राहिले.

आई गेली. तीन तारखेला, सकाळी, चुलीपाशी बसल्या बसल्या. नऊ दिवसांची प्रार्थना परवा संपली. सगळं गाव येऊन गेलं. तुझ्याबद्दल कोणी विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला नऊ दिवस ऐकू येत होतं. शेवटच्या आठवड्यात तिने गिनीपिगांचा ध्यास घेतला होता. त्यांना हलव, म्हणायची, त्यांच्याखाली बघ. मी बघते म्हणाले आणि बघितलं नाही. तापात माणूस काहीही बोलतं.

आता एक गोष्ट स्वच्छ सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी माफी मागायला लिहीत नाही. मी जे केलं ते चौकात, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर केलं. तुझ्या खाटेखाली चिंध्यांत गुंडाळलेला तो वाको, माणसाच्या तोंडाचं ते मातीचं भांडं, मला सापडला तेव्हा मी वाका बचाव समितीची अध्यक्ष होते. दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून मी सांगत होते, की आपल्या वाकाच्या पवित्र टेकाडाला भोकं पाडणारे लोक आपल्याच पूर्वजांची हाडं बाजूला फेकतात, त्यांच्या उशाशी ठेवलेले वाको उचलतात आणि हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना विकतात. दीड हजार वर्षं मातीखाली शांत पडलेलं माणसाचं तोंड दोन दिवसांत परदेशी कपाटात जातं, आणि आपल्या मुलांना आपले पूर्वज दिसायला होते कसे हेही कळत नाही. हे मी घसा फोडून सांगत होते. आणि तसलंच एक तोंड माझ्या भावाच्या खाटेखाली निघालं. मी गप्प बसले असते, तर त्याआधीचा माझा प्रत्येक शब्द खोटा झाला असता.

तू म्हणालास, हे मी बनवलंय. पकडला गेलेला प्रत्येक जण तेच म्हणतो.

घर रिकामं आहे. गिनीपिग विकून टाकते. घरातल्या तुझ्या अर्ध्या हिश्शाचं काय करायचं ते कळव. परत ये, असं मी म्हणत नाही.

एडेल्मिरा


मोचे, २ जून

फिदे,

गिनीपिग गेले. त्यांचं खुराडं उचललं तर खालची जमीन भुसभुशीत लागली. हाताने उकरली. पिठाच्या पोत्यात गुंडाळलेले, भाजलेल्या मातीचे दोन जड तुकडे निघाले. तू ओळखशील ते. साच्याचे दोन अर्धे. एकात तोंड, एकात मागचं डोकं.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. वाटलं, बघा, चोरलेल्या वाकोवरून याने साचाही काढून ठेवला होता, नकला विकायला. हाच राग घेऊन मी लिबोरियोकाकांकडे गेले. त्यांच्या हाताखाली तू माती मळायला शिकलास; म्हटलं, तुमच्या शिष्याचा प्रताप बघा. आता त्यांना फारसं दिसत नाही. त्यांनी साचा मांडीवर घेतला, आतून अंगठा फिरवला, वीत लावली आणि विचारलं, जप्त होऊन शहरातल्या वस्तुसंग्रहालयात गेलेलं ते डोकं किती उंच आहे? मी म्हणाले, ठाऊक नाही.

"मग मोजून ये आणि मग बोल. तुझी नेहमी उलटी रीत, मास्तरीणबाई."

गेले. तिथल्या कारकुनाने नोंदवहीतून वाचून दाखवलं: हनुवटीपासून टाळूपर्यंत एकोणीस सेंटिमीटर. साच्याच्या आतली उंची मी घरी तीनदा मोजली होती. एकवीस.

लिबोरियोकाकांनी मला शाळेतल्या पोरीसारखं समोर बसवून समजावलं. ओली माती वाळताना आवळते, भाजताना आणखी आवळते; दहा बोटांची नऊ बोटं होतात. म्हणून जुन्या वाकोवर माती थापून साचा काढला, तर तो साचा वाकोपेक्षा लहान भरतो आणि त्यातून निघणारी नक्कल आणखी लहान. तज्ज्ञ नकला अशाच ओळखतात. त्या खुज्या असतात. तुझा वाको खुजा नव्हता, म्हणून तर त्यांनी तो अस्सल ठरवला. पण हा साचा त्या वाकोपेक्षा मोठा होता.

"साचा मोठा, मडकं लहान," काका म्हणाले. "म्हणजे साचा आई आणि मडकं लेकरू. याचं उलटं होऊच शकत नाही. पोराने आवळण्याला जागा सोडून आधी डोकं हाताने घडवलं, मग त्यावरून साचा काढला. मी त्याला एवढं शिकवलं नव्हतं. मलाच एवढं येत नव्हतं."

मग त्यांनी साचा मांडीवरून खाली ठेवला. म्हणाले, त्या रविवारी चौकात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

त्यांनी माती घेतली, दोन्ही अर्ध्यांत बोटांनी दाबून बसवली, अर्धे जुळवले, उन्हात थोडं आवळू दिलं आणि साचा उघडला. शहरातल्या वाकोला कपाळपट्टी आहे, कानांत चकत्या आहेत, गालांवर तांबडे पट्टे आहेत, डोक्यावर कमानीची तोटी आहे. मी पाहिलं होतं ते सगळं हे. साच्यातून निघालं ते यातलं काहीच नसलेलं, उघडं, ओलं तोंड होतं.

ऊस तोडून आले की बाबा कालव्याच्या काठावर उकिडवे बसून तोंडावर पाणी मारायचे आणि तसंच ओलं तोंड वर करून माझ्याकडे बघायचे. मी पाच वर्षांची असेन. तुझा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी झाला. तुला कळायला लागलं तेव्हा त्यांचे पुढचे दात पडले होते आणि गाल आत गेले होते. हे तोंड मी पाहिलेलं आहे, तू पाहिलेलंच नाहीस. आणि घडवलंस तू, ओळखलं नाही ते मी.

तुला ते कोणी सांगितलं असेल हे विचारायची गरज नाही. तो सगळा हिवाळा आई दुपारभर तुझ्या पडवीत येऊन बसायची. मी बैठकीवरून आले की तुम्ही दोघं बोलायचं थांबायचात. मला वाटायचं, माझ्याविरुद्ध काही शिजतंय. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तुम्ही दोघं मिळून ते तोंड परत आणत होतात. नाक थोडं रुंद कर, ओठ जाड कर, असं ती सांगत असेल. मी दारात आले की थांबत असेल.

एडेल्मिरा


मोचे, २० जून

फिदे,

मागच्या पत्रात दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. अठरा दिवस त्या बाजूला ठेवून पाहिल्या.

पहिली. त्या शनिवारी मी तुझ्या खाटेखालून वाको बाहेर काढला, तेव्हा आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, ते तुझे बाबा आहेत."

एवढंच म्हणाली. आपल्याकडे असं कोण म्हणत नाही? वाकाच्या बाजूने जाताना टोपी काढून 'येतो, आजोबा' म्हणणारी आपली माणसं. मातीखालच्या त्या लोकांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, म्हणून आपण त्यांना नात्यानेच हाक मारतो. मी म्हणाले, हो आई, ते सगळ्यांचेच बाबा आहेत. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी इतक्या घाईत होते की ते मिटलेलं तोंड मला आत्ता, पाच वर्षांनी दिसतंय.

आणि तिचं ते वाक्य दुसऱ्या दिवशी मी चौकात नेलं. भांडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि म्हणाले: माझी आई एक अक्षर शिकलेली नाही, पण तिला कळतं की हे आपले बाबा आहेत, मग बाबांना विकायला काढणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. लोकांनी सांगितलं. आई गर्दीत होती, दुसऱ्या रांगेत, काळी शाल घेऊन.

पोलीस यायच्या आधी कोणीतरी तिला घाबरवलं असणार, की नकला करणाऱ्यालाही तुरुंग असतो. म्हणून तिने साचा पुरला. तुला वाचवायला पुरला. त्यानेच तू सुटला असतास हे तिला कधी कळलं मला माहीत नाही. कळल्यावर मला सांगायची तिची हिंमत झाली नाही. पाच वर्षं एका घरात, एका चुलीपाशी, सोमवारचं शांबार सूप एका भांड्यातून वाढून घेत आम्ही दोघी जेवलो, आणि तिला माझी भीती वाटत होती.

दुसरी गोष्ट तुला ठाऊक आहे, पण ती मी स्वतःच्या हाताने कधी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुमचा भाऊ कुंभार आहे, हे त्याने बनवलेलं असू शकेल का? मी म्हणाले, "माझा भाऊ पर्यटकांसाठी बदकं आणि बेडूक करतो. हे त्याच्या हातून होणं शक्य नाही."

तू तोवर उभा होतास. मग खाली बसलास. त्यानंतर तू कोर्टात एक शब्दही बोलला नाहीस.

आता कामाचं. वकील म्हणतात, साचा हा नवा पुरावा आहे आणि खटला पुन्हा उघडता येईल. वस्तुसंग्रहालयाला वाकोच्या बुडातून चिमूटभर भुकटी काढून तपासायला द्यावी लागेल. माती कधी भाजली ते त्यावरून कळतं. तुझ्यावरचा डाग पुसला जाईल. अर्जावर तुझी सही लागते, एकतीस ऑगस्टच्या आत. अर्ज सोबत आहे. फुलीच्या जागी सही कर.

बाकी मी बघते. त्याच पायऱ्यांवर उभी राहून मी सांगणार आहे, कोण चुकलं आणि काय चुकलं. भाषण लिहून तयार आहे. फक्त सही पाठव.

एडेल्मिरा


मोचे, ८ ऑगस्ट

फिदे,

सात आठवडे झाले. रोसाउरा म्हणते पत्रं पोचतात, तू तिच्या नातेवाइकांच्या बेकरीतच आहेस, तब्येत ठीक आहे. मग काय अडलंय? राग असेल तर राग लिही. मी वाचेन. मला मारायला ये, तरी चालेल. पण हा प्रश्न माझ्यातुझ्या रागाचा नाही. एका निरपराध माणसाने चौदा महिने तुरुंगात काढले आणि त्याच्या नावापुढे अजून चोर लिहिलेलं आहे. हे मी सहन करणार नाही. तू करत असशील तर तो तुझा दुबळेपणा आहे.

हे वाक्य खोडायला हवं. खोडत नाही, कारण पुन्हा लिहायला बसले तर पत्र जाणारच नाही.

लिबोरियोकाकांना भाषण वाचून दाखवलं. म्हणाले, छान आहे, पण त्याच्याविषयी तू एकदा बोललीच होतीस ना. आताही तूच बोलणार?

तेवीस दिवस उरलेत.

एडेल्मिरा


आरिका, २१ ऑगस्ट

ताई,

तुझी चारही पत्रं मिळाली. आई गेल्याचं वाचलं त्या दिवशी माझ्या हातून दोन घाणे पाव जळले. मालकाने पैसे कापले नाहीत. चांगला माणूस आहे.

अर्ज परत पाठवतोय. सही केलेली नाही.

तुरुंगातून सुटलो तेव्हा थेट बसवर गेलो नाही. आधी तिकीट काढून बाबांना बघायला गेलो. दालनाच्या मधोमध त्यांचं एकट्याचं काचेचं कपाट, वरून दिवा. मी कोपऱ्यात उभा राहिलो. एक बाजारातली बाई आली, मासेवाली असावी, वास येत होता. तिने टोपली खाली ठेवली, शाल सारखी केली आणि कपाटासमोर मान वाकवली. मागून एक मास्तर वर्ग घेऊन आला. म्हणाला, हा मोचे लोकांचा सरदार, या चेहऱ्यावर केवढा अधिकार आहे बघा. अधिकार, ताई. आपल्या बाबांच्या चेहऱ्यावर. वर्गातलं एकही पोर हसलं नाही.

उसाच्या मळ्यातल्या मुकादमाला बावीस वर्षांत बाबांचं नाव पाठ झालं नाही. 'ए वाकोतोंड्या' अशी हाक मारायचा, आणि बाबा 'जी' म्हणायचे. तू भाषणं करायला तिथेच शिकलीस, असं मला नेहमी वाटतं. मला बोलता येत नाही. मी हे केलं.

आता तू मला खरा ठरवलंस की त्यांना खोटं ठरवावं लागेल. त्यांना पोत्यात घालून तळघरात नेतील आणि चिठ्ठी लावतील, नक्कल. माझे चौदा महिने भोगून झाले, ते कोणी परत देत नाही. त्यांच्या बदल्यात बाबांना ती जागा मिळाली असं मी धरतो. तू म्हणतेस तो दुबळेपणा असेल.

कोर्टातल्या तुझ्या त्या वाक्याचा राग होता. अजूनही आहे. त्याचं काय करायचं ते मला समजलेलं नाही, म्हणून त्यावर काही लिहीत नाही.

मी घरी येणार नाही. हे रागाने म्हणत नाही. आलो तर कधीतरी लिबोरियोकाकांकडे मक्याच्या दारूच्या, चिचाच्या, चार वाट्या पिऊन बोलून जाईन, की ते माझ्या हातचं आहे. मी स्वतःला ओळखतो. इथे कोणाला सांगितलं तरी काही बिघडत नाही. इथे मी पाववाला आहे.

साचा फोडून टाक. आणि त्या पायऱ्यांवर चढू नकोस. तुझ्याकडे आयुष्यात एवढंच मागतोय.

फिदे


मोचे, १९ सप्टेंबर

फिदे,

तुला आधी सहा पानी उत्तर लिहिलं होतं. सत्य, न्याय, पुढच्या पिढ्या, सगळं होतं त्यात. वाचून पाहिलं. चौकात चांगलं वाटलं असतं. चुलीत घातलं.

तुझं मला पटलेलं नाही. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की आपल्याला कोणी खोटा इतिहास दिला तर घेऊ नका, विचारा, पुरावा मागा. आता दर आठवड्याला एक तरी वर्ग तिथे जातो, वह्या उघडतो आणि आपल्या बाबांना सरदार म्हणून लिहून घेतो. मला झोप लागत नाही. पण त्या तोंडाबद्दल काय बोलायचं हे ठरवण्याचा हक्क तुझा होता, आणि तो मी एकदा तुला न विचारता वापरून बसले. आता पुन्हा वापरणार नाही.

मुदत निघून गेली. वकिलांना कळवलं की माझी चूक झाली होती, साचा दुसऱ्याच कशाचा तरी निघाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही, पण काही विचारलं नाही.

साचा लिबोरियोकाकांकडे नेला. मी फोडू शकले नाही. हातोडा घेतला आणि ठेवला. त्यांनी तो मागच्या अंगणात कुटला, मी चाळला. भाजलेल्या मातीची भुकटी नव्या मातीत मिसळली की भांडं भट्टीत तडकत नाही, एवढं आता मला येतं. तीन आठवड्यांत त्यातून चाळीस बदकं आणि काही बेडूक झाले. बरेचसे विकले गेले. कोणाकोणाच्या पिशवीतून कुठे कुठे गेले असतील.

समितीचा राजीनामा दिला. कारण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून म्हणाले, घसा गेलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. तेव्हापासून लोक मध आणून देताहेत. सात बरण्या झाल्या. मोठमोठ्या सभांमध्ये मला अडवू न शकणारी माणसं आता रस्त्यात थांबवून दयाळूपणे सांगतात, बोलू नका बाई, नुसती मान हलवा.

तू घरी येणार नाहीस हे वाचून मी तुझी पडवी झाडली. का झाडली ते विचारू नकोस. तुझं चाक तिथेच आहे.

एक गोष्ट मी तुला कधी लिहिली नाही, आणि तूही लिहिली नाहीस, म्हणजे तू ती वाचली असणार. त्या कपाटाखाली पितळी पट्टी आहे. 'शिक्षिका एडेल्मिरा वामांचुमो यांच्या सावधपणामुळे हा वारसा वाचला.' ती बसवली तेव्हा मी नवे बूट घालून गेले होते.

काल पुन्हा गेले. दालनात गर्दी नव्हती. मी बाबांसमोर उभी राहिले. रंगवलेल्या पट्ट्यांच्या आतला चेहरा आता मला चटकन दिसतो. कसा दिसला नव्हता तेच समजत नाही. तिथला पहारेकरी म्हातारा आहे, गुडघे दुखतात, म्हणून स्टुलावर बसलेला असतो. तो माझ्यासाठी उठून उभा राहिला. टोपी काढली. म्हणाला, "बाई, यांना तुम्हीच वाचवलंत ना?"

माझा घसा गेलेला नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. मान हलवून भागलं असतं. पण त्याने उभं राहून विचारलं होतं आणि बाबा समोर होते, म्हणून मी मोठ्याने, त्याला नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "हो."

एडेल्मिरा